हवामान बदलाशी जुळवून घेण्याची तरतूद स्थानिक भूवापर आराखड्यात नेमकी कुठे आणि कशी करावी?

आराखडा_कक्ष (प्रश्न)

सर्वांना नमस्कार.

मी एका मध्यम आकाराच्या शहराच्या भूवापर आराखड्याच्या फेररचनेवर काम करीत आहे. शहराच्या मधून नदी जाते, तिला दोन्ही बाजूंनी ओढे येऊन मिळतात आणि एका अंगाला टेकड्या आहेत. टेकड्यांवर बांधकाम अवघड असल्यामुळे आजवरची बहुतेक वाढ सखल भागाकडे झाली आहे. नवा आराखडा पुढील २० वर्षांसाठी आहे.

मसुद्यात ‘हवामान बदल’ या शीर्षकाचे एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात तापमानवाढीचे आलेख आहेत, अतिवृष्टीच्या वाढत्या घटनांची नोंद आहे, वृक्षलागवडीचा संकल्पही आहे. मात्र पुढे विभागांचा नकाशा आणि बांधकाम नियमावली सुरू झाली की त्या प्रकरणाचा मागमूस राहत नाही. ज्या पट्ट्याला प्रकरणात पूरप्रवण म्हटले आहे, तोच पट्टा नकाशात निवासी विभाग म्हणून रंगवलेला आहे आणि त्यातून एक रुंद रस्ताही प्रस्तावित आहे. हे असेच प्रसिद्ध होऊ नये, अशी माझी मनापासून इच्छा आहे.

माझ्यासमोर तीन अडचणी आहेत. पहिली म्हणजे हवामानाचे अंदाज मोठ्या प्रदेशासाठी असतात, आमचा निर्णय मात्र एकेका भूखंडाचा असतो, त्यामुळे ‘अंदाज पक्के होईपर्यंत थांबा’ हा आक्षेप बैठकीत हमखास येतो. दुसरी म्हणजे खासगी जमिनीवर निर्बंध घातला की मोबदल्याचा प्रश्न उभा राहतो. तिसरी आणि मला सर्वांत जड वाटणारी अडचण म्हणजे जे लोक आज त्या सखल पट्ट्यात राहतात, त्यांच्याविषयी आराखड्याने काय म्हणावे? प्रत्यक्ष अशा कामातून गेलेल्या सदस्यांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

उतारनकाशा

आपण सांगितलेली विसंगती फार ठिकाणी दिसते, कारण प्रकरण लिहिणारे आणि नकाशा तयार करणारे वेगवेगळे असतात आणि दोघांची गाठ मसुदा छापायला जाईपर्यंत पडत नाही. माझे स्पष्ट मत असे आहे की त्या प्रकरणाची पाने कमी झाली तरी चालतील, पण त्यातील प्रत्येक निष्कर्ष चार ठिकाणी उतरला पाहिजे: कोणत्या जागेवर कोणता वापर, त्या जागेवर किती बांधकाम, ते कोणत्या अटींवर, आणि सार्वजनिक पैशाने रस्ते, जलवाहिन्या व गटारे कोणत्या दिशेला न्यायची. चौथ्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते आणि परिणाम तिचाच सर्वांत मोठा असतो. सखल पट्ट्यातून रुंद रस्ता दाखवला की त्या पट्ट्यावर निवासी रंग द्या किंवा देऊ नका, दहा-पंधरा वर्षांत तिथे इमारती उभ्या राहतात. म्हणून आपल्या मसुद्यातील तो रस्ता हाच माझ्या दृष्टीने पहिला मुद्दा आहे.

‘अंदाज पक्के नाहीत’ या आक्षेपाला बैठकीत मी एक साधे गणित मांडतो. लहान पाणलोटातून येणाऱ्या पाण्याचा अंदाज काढण्याची जुनी पद्धत अशी आहे: वाहत्या पाण्याचा गुणांक (पडलेल्या पावसापैकी जमिनीत न मुरता वाहून जाणारा हिस्सा), तासाला मिलिमीटरमध्ये पावसाची तीव्रता आणि हेक्टरमध्ये क्षेत्र यांचा गुणाकार करून त्याला ३६० ने भागले की सेकंदाला किती घनमीटर पाणी येईल ते मिळते. ओढ्याच्या वरच्या अंगाला १० हेक्टर मोकळे रान आहे असे धरा. गुणांक ०.३ आणि पाऊस तासाला ६० मिलिमीटर घेतला, तर सेकंदाला अर्धा घनमीटर पाणी खाली येते. त्याच रानावर दाट वस्ती, डांबरी रस्ते आणि फरशीची अंगणे आली आणि गुणांक ०.८ झाला, तर तोच पाऊस १.३३ घनमीटर पाणी पाठवतो. आता हवामान बदलामुळे पावसाची तीव्रता २० टक्क्यांनी वाढली असे धरले, तर आकडा १.६ होतो. अर्ध्यापासून १.३३ पर्यंतची वाढ सर्वस्वी आपल्या परवानग्यांमुळे होते. हवामानाचा वाटा त्यानंतरचा आहे. खालच्या रस्त्याखालची मोरी अर्ध्या घनमीटरसाठी बांधलेली असेल, तर हवामानाचा अंदाज कितीही अनिश्चित असला तरी ती तुंबणार हे निश्चित आहे. मोठा हिस्सा आपल्या हातातला आहे, हे सदस्यांना दिसले की चर्चेचा सूर बदलतो.

यातून नियमावलीत थेट एक अट येते: नव्या रेखांकनातून (जमिनीवर भूखंड आणि रस्ते पाडून केलेल्या मांडणीतून) बाहेर पडणारे पाणी विकासापूर्वी जितके होते त्याहून अधिक नसावे आणि हिशेब करताना पावसाची तीव्रता भविष्यातील वाढीसह धरावी. ही अट सखल भागापुरती ठेवू नका. वरच्या अंगाचा विकासक स्वतः कधीच बुडत नाही, पण खालच्या वस्तीला बुडवणारे पाणी त्याच्याच आवारातून निघते.

जागा निवडण्याच्या क्रमाबाबत इंग्लंडमधील पद्धत अभ्यासण्याजोगी आहे. तेथे पुराच्या धोक्यानुसार विभाग पाडलेले आहेत आणि नवा विकास आधी सर्वांत कमी धोक्याच्या जागी नेण्याचा प्रयत्न करावा लागतो. तशी वाजवी जागा उपलब्ध नाही हे दाखवल्यावरच अधिक धोक्याच्या जागेचा विचार होतो आणि तिथेही आणखी एक कसोटी लागते. नेदरलँड्समध्ये २००३ पासून स्थानिक आराखडा करताना पाण्याची तपासणी बंधनकारक आहे, म्हणजे जलव्यवस्थापन करणाऱ्या संस्थेला आराखड्याच्या सुरुवातीलाच सहभागी करून घ्यावे लागते. मसुदा पूर्ण झाल्यावर अभिप्राय मागवला, तर ती संस्था फार तर दोन शेरे मारू शकते. नकाशा कोरा असताना बोलावली, तर ती रेषा बदलू शकते.

आता मोकळ्या जागांविषयी. कोपनहेगनमध्ये २ जुलै २०११ रोजी अवघ्या काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला आणि शहराचे प्रचंड नुकसान झाले. त्यानंतर २०१२ मध्ये ढगफुटीसाठी स्वतंत्र व्यवस्थापन योजना तयार झाली. सगळे पाणी मोठ्या नळांतून नेण्यापेक्षा काही रस्ते मुद्दाम पाणी वाहून नेण्यासाठी घडवायचे आणि काही उद्यानांत ते तात्पुरते साठवायचे, हा तिचा गाभा आहे. एन्गहावे नावाच्या उद्यानाची पुनर्रचना अशी झाली की जोरदार पावसात तिथे २२ हजार घनमीटरांहून अधिक पाणी थांबू शकते आणि एरवी ते नेहमीचे उद्यानच असते. आपल्या मसुद्यात उद्याने आणि क्रीडांगणांची आरक्षणे असतीलच. ती उरलेल्या तुकड्यांवर टाकलेली आहेत की जिथे पाणी आपोआप जमते तिथे, हे समतल रेषांचा (समान उंचीची ठिकाणे जोडणाऱ्या रेषांचा) नकाशा त्यावर ठेवून एकदा पाहावे.

पर्जन्यनोंद

मी जलविज्ञानाच्या क्षेत्रात काम करते. वरील गणित योग्य आहे. त्याला अनिश्चिततेविषयी थोडी जोड देते.

‘शंभर वर्षांतून एकदा येणारा पूर’ या शब्दप्रयोगामुळे समित्यांमध्ये फार गैरसमज होतो. एकदा पूर येऊन गेला की आता शंभर वर्षे निश्चिंती, असे अनेकांना खरोखर वाटते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ कोणत्याही एका वर्षी तो येण्याची शक्यता १ टक्का, इतकाच आहे. ३० वर्षे गृहकर्ज फेडणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने त्या काळात तो किमान एकदा येण्याची शक्यता सुमारे २६ टक्के होते. बदलत्या पर्जन्यमानामुळे तीच पातळी दरवर्षी २ टक्के शक्यतेची झाली, तर ३० वर्षांतील शक्यता ४५ टक्क्यांवर जाते. पूररेषा जागेवरच राहते, फक्त तिचा अर्थ बदलतो. जुन्या नोंदींवरून काढलेली रेषा म्हणजे काल वाहिलेल्या नदीची रेषा होय आणि आराखडा उद्यासाठी असतो.

स्थानिक पातळीवर नेमका किती पाऊस वाढेल हे सांगता येत नाही, हे खरेच आहे. पण काही गोष्टींबद्दल शंका राहिलेली नाही. तापमान एका अंशाने वाढले की हवेत सुमारे ७ टक्के अधिक बाष्प मावते, आणि जागतिक पातळीवर दिवसभराच्या अतिवृष्टीची तीव्रताही साधारण त्याच प्रमाणात वाढते, असे आंतरशासकीय हवामान बदल मंडळाच्या सहाव्या अहवालात नोंदवले आहे. समुद्राची सरासरी पातळी १९०१ ते २०१८ या काळात सुमारे २० सेंटिमीटरने वाढली. २१०० पर्यंतचे मुख्य अंदाज उत्सर्जनानुसार साधारण ०.२८ मीटरपासून १.०१ मीटरपर्यंत पसरलेले आहेत. हा पल्ला मोठा वाटतो, पण नियोजनकाराच्या दृष्टीने त्याचा अर्थ असा घ्यावा की अमुक पातळी येणार का, यापेक्षा ती कधी येणार, याबद्दलची अनिश्चितता अधिक आहे. असे पाहिले की अनिश्चिततेसह निर्णय घेण्याचा मार्ग सापडतो.

लंडनजवळच्या थेम्स खाडीसाठी २०१२ मध्ये स्वीकारलेली योजना हे याचे उत्तम उदाहरण आहे. थेम्सवरील पूररोधक दरवाजे १९८२ पासून कार्यरत आहेत. पुढील शतकासाठी आजच एक प्रचंड भिंत बांधायची, असे त्या योजनेने ठरवले नाही. पाणी अमुक पातळीला पोहोचले की अमुक उपाय, त्याच्याही पुढे गेले की पुढचा उपाय, अशी वाटांची मालिका तिने आखली आणि मोजमापांच्या आधारे ठराविक काळाने आढावा घेण्याची व्यवस्था ठेवली. भूवापर नियोजनाच्या दृष्टीने तिच्यातला महत्त्वाचा भाग असा की भविष्यातील संरक्षक बांधकामांसाठी नदीकाठची जमीन आजपासून राखून ठेवावी लागते. नंतर उपाय करण्याचा हक्क शाबूत ठेवणे, हे काम भूवापर आराखड्याशिवाय दुसरे कोणतेही कागदपत्र करू शकत नाही.

म्हणून माझी सूचना अशी की प्रत्येक प्रस्तावाला दोन प्रश्न विचारावेत: हा निर्णय किती काळ टिकेल, आणि तो मागे घेता येईल का? इमारत साठ-सत्तर वर्षे उभी राहते, रस्त्यांची रचना शतकानुशतके टिकते, तर बाजारासाठी दिलेले मोकळे पटांगण पुढच्या वर्षीही हलवता येते. रुग्णालय, विद्युत उपकेंद्र, जलशुद्धीकरण केंद्र आणि नवी रस्तेरचना यांसाठी अंदाजांतील वरची मर्यादा धरावी, तात्पुरत्या वापरांसाठी मधला अंदाज पुरेसा आहे. सगळ्या शहराला एकच सुरक्षा-अंतर लावण्याने कुठे विनाकारण जमीन अडते आणि कुठे जीव धोक्यात येतो.

एक इशाराही द्यावासा वाटतो. नदीला भिंत बांधा आणि मागची जमीन मोकळी करा, ही मागणी पुढे येईलच. भिंत लहान पूर अडवते, लोकांना निर्धास्त करते, मागे बांधकाम वाढते, आणि भिंतीच्या क्षमतेबाहेरचा पूर आला की नुकसान पूर्वीपेक्षा कितीतरी अधिक होते. जगभरातील नद्यांवर हे वारंवार अनुभवाला आले आहे. भिंत बांधली तरी तिच्यामागचा पट्टा नकाशावर ‘शिल्लक धोक्याचा’ म्हणून दाखवावा आणि तिथे तळमजल्यावर झोपण्याच्या खोल्यांना परवानगी देऊ नये.

हरकत_सुनावणी

मी नियोजन कायद्याच्या बाजूने लिहितो, कारण चांगल्या हेतूने आखलेली रेषा सुनावणीत टिकली नाही, तर पुढची अनेक वर्षे कोणी तिला हात लावायला तयार होत नाही.

निर्बंध टिकतो तो त्याच्या कठोरपणावर नव्हे. तो सर्वांना सारखा लागू आहे का, त्यामागची मोजमापे जाहीर आहेत का आणि बाधित व्यक्तीला ती तपासून आक्षेप घेता आला का, यांवर तो टिकतो. म्हणून पूररेषेचा नकाशा, ज्या पातळ्यांवरून तो काढला त्या नोंदी आणि गणिताची रीत, हे सर्व मसुद्याच्या परिशिष्टात असले पाहिजे. एखाद्या वजनदार मालकाच्या भूखंडापाशी रेषा वळलेली दिसली की संपूर्ण रेषेचा नैतिक आधार जातो, आणि लोकांना ते वळण बरोबर दिसते.

दुसरे म्हणजे सरसकट बंदीऐवजी पट्टे पाडावेत. पाणी जिथून वेगाने वाहते तो पट्टा शेती, कुरण, उद्यान अशा वापरांसाठी मोकळा; जिथे पाणी साचते पण वेग कमी असतो तिथे उंच जोते, तळमजला वाहनतळासाठी आणि तळघराला मनाई; त्याच्या बाहेर फक्त पाण्याच्या निचऱ्याच्या अटी. अशा रचनेत बहुतेक मालकांकडे काही ना काही वापर शिल्लक राहतो आणि मोबदल्याचा प्रश्न सर्वांत आतल्या पट्ट्यापुरता मर्यादित होतो. तिथेही रोख मोबदला हा एकमेव मार्ग नाही. विकास हक्काचे हस्तांतरण (एका जागी न वापरलेला बांधकामाचा हक्क दुसऱ्या जागी वापरू देणे), जमिनीची अदलाबदल किंवा अनेक भूखंड एकत्र करून फेरवाटप करणे हे पर्याय आहेत. सर्वांत स्वस्त पर्याय मात्र नेहमी दुर्लक्षित राहतो: रेखांकनात ठरावीक हिस्सा खुला ठेवावाच लागतो, तेव्हा तो हिस्सा भूखंडाच्या सर्वांत सखल भागात आणि ओढ्याला लागून असावा, इतकी एक ओळ नियमावलीत घातली की कोणाचेही बांधकाम क्षेत्र कमी न होता ओढ्याला जागा मिळते.

विकास हक्क हलवायचे, तर ते कुठे उतरतील हेही त्याच आराखड्यात सांगावे लागते. अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यातील नॉरफोक या किनारी शहराने २०१८ मध्ये आपली विभाग नियमावली बदलली. किनाऱ्याजवळच्या धोक्याच्या भागावर कडक अटींचा एक थर आला आणि उंचावरच्या सुरक्षित भागात अधिक दाट विकासाला उत्तेजन देणारा दुसरा थर आला. नव्या बांधकामाला पूरसुरक्षा, पाण्याचा निचरा आणि ऊर्जा यांसाठी गुण मिळवावे लागतात. एका हाताने बंद केलेले दार दुसऱ्या हाताने उंच जागी उघडले, म्हणून जमीनमालकांचा विरोध समजुतीच्या टप्प्यात आणणे शक्य होते. आपल्या शहराची उंच जागा कोणती, हे मसुद्यात लिहिले नसेल तर निर्बंधांचे प्रकरण अर्धवटच राहील.

आणि केवळ मार्गदर्शक सूचना म्हणून काही लिहू नका. भारतात केंद्रीय जल आयोगाने १९७५ मध्ये पूरमैदानांच्या विभागणीसाठी नमुना विधेयक तयार करून राज्यांकडे पाठवले. मणिपूरने १९७८ मध्ये आणि राजस्थानने १९९० मध्ये कायदा केला, पण बहुतेक राज्ये त्या वाटेने गेली नाहीत. सूचना उत्तम असूनही नियमात रूपांतर न झाल्याने पूरमैदानांत बांधकामे होत राहिली. ‘शक्यतो टाळावे’ हे शब्द परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याला कोणताही आधार देत नाहीत.

काठावरची_वस्ती

वरील तिन्ही उत्तरे मोलाची आहेत, पण मूळ प्रश्नातील तिसऱ्या अडचणीकडे अजून कोणी वळले नाही, आणि मला तीच सर्वांत महत्त्वाची वाटते.

सखल पट्ट्यात राहणारे लोक धोका माहीत नसल्यामुळे तिथे राहतात, असे समजून आराखडा लिहिला जातो. खरे तर धोका त्यांना कोणत्याही सल्लागारापेक्षा अधिक ठाऊक असतो. कामाच्या ठिकाणापासून चालत जाण्याच्या अंतरावर परवडणारी दुसरी जागाच त्यांना मिळालेली नसते. अशा वस्तीवर ‘ना-विकास’ असा शिक्का मारून आराखडा पुढे गेला, तर माणसे तिथेच राहतात, फक्त त्यांना पाणी, गटार आणि पक्क्या घराची परवानगी मिळणे बंद होते. म्हणजे धोका तसाच राहतो आणि त्याला तोंड देण्याची ताकद कमी होते. याला अनुकूलन म्हणता येत नाही.

पुराचे कारण सांगून वस्ती उठवायची आणि रिकाम्या झालेल्या काठावर काही वर्षांनी काँक्रीटचा विहारपथ, दुकाने आणि वाहनतळ उभारायचे, हे जगातील अनेक शहरांत घडले आहे. तेव्हा आराखड्यात एक अट स्पष्ट असावी: धोक्याच्या कारणाने मोकळी केलेली जमीन कायमची मोकळी राहील आणि तिच्या वापरात बदल करण्याचा अधिकार स्थानिक संस्थेला नसेल. ही अट नसेल, तर त्या पट्ट्यातील कोणत्याही माणसाने आराखड्यावर विश्वास का ठेवावा?

स्थलांतर अटळ असेल तिथे ते कसे व्हावे, याचे एक चांगले उदाहरण ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये आहे. जानेवारी २०११ मध्ये अचानक आलेल्या पुरात ग्रँथम या छोट्या गावात १२ जणांचा मृत्यू झाला. स्थानिक परिषदेने जवळच उंचावरची जमीन घेतली आणि पूरग्रस्तांना जुन्या जागेच्या बदल्यात नवी जागा देऊ केली. सहभाग ऐच्छिक होता आणि त्याच वर्षाच्या अखेरीस पहिली कुटुंबे नव्या घरांत राहायला गेली. यातली गती आणि जवळीक या दोन्ही गोष्टी निर्णायक आहेत. दूर फेकलेली वस्ती रोजगारासाठी परत काठावर येते. पुरानंतरच्या काही महिन्यांत लोक हलायला तयार असतात, पुढे घरे पुन्हा उभी राहिली की ती तयारी संपते, म्हणून बदलीची जागा पुरापूर्वीच आराखड्यात आरक्षित असावी लागते.

नेदरलँड्समधील ‘नदीला जागा’ या कार्यक्रमाकडेही पाहावे. १९९५ च्या पुराच्या धोक्यामुळे तेथे सुमारे अडीच लाख लोकांना हलवावे लागले आणि त्यानंतर बांध आणखी उंच करण्याऐवजी नदीचे पात्र रुंद करण्याचा विचार पुढे आला. नायमेगेन शहरासमोर बांध सुमारे ३५० मीटर मागे घेऊन नदीला एक नवा प्रवाह दिला गेला आणि त्यासाठी सुमारे ५० घरे हलवावी लागली. ओव्हरडीप येथील शेतकऱ्यांना आपली जमीन पुराच्या पाण्यासाठी वापरली जाणार हे समजले, तेव्हा मातीचे उंच ओटे करून त्यांवर घरे आणि गोठे बांधण्याचा प्रस्ताव त्यांनीच मांडला आणि तो स्वीकारला गेला. लोकांना नकाशा पूर्ण झाल्यावर हरकतीसाठी बोलावण्याऐवजी पर्याय ठरवताना बोलावले, तर असे प्रस्ताव येतात. आपल्या वस्तीत गेल्या पुरात पाणी कुठवर आले, कोणत्या गल्लीतून आधी शिरले, किती वेळ थांबले, हे भिंतीवरच्या खुणांसह लोकांकडून नकाशावर उतरवून घ्या. कोणत्याही संगणकीय प्रारूपापेक्षा तो नकाशा अधिक नेमका असतो.

सावलीचा_रस्ता

चर्चा पाण्यावर केंद्रित झाली आहे, म्हणून उष्णतेविषयी थोडक्यात लिहितो. पूर दिसतो, उष्णतेचे बळी दिसत नाहीत, त्यामुळे आराखड्यात तिला जागा मिळत नाही. जर्मनीतील श्टुटगार्ट हे शहर खोलगट भूभागात वसलेले असून तिथे वारा कमी असतो. तेथील पालिकेत १९३८ पासून हवामानतज्ज्ञ काम करीत आले आहेत. रात्री टेकड्यांवरून थंड हवा ज्या उतारांनी आणि दऱ्यांनी शहरात उतरते, त्या वाटा नकाशावर नोंदवून तिथल्या बांधकामावर मर्यादा घातल्या गेल्या आहेत. आपल्या शहरालाही एका बाजूला टेकड्या आहेत. टेकडीचा उतार आणि ओढ्याचे पात्र या दोन गोष्टी मोकळ्या ठेवल्या, तर पाण्याचा आणि हवेचा असे दोन्ही प्रश्न एकाच आरक्षणाने हाताळता येतात.

वृक्षलागवडीच्या संकल्पाविषयी एकच सांगतो. रस्त्याच्या आडव्या छेदात झाडाच्या मुळांसाठी मातीची रुंदी दाखवलेली नसेल, तर गटार, केबल आणि पदपथ यांच्यामध्ये झाड जगत नाही. म्हणून झाडांची संख्या लिहिण्याऐवजी रस्त्यांच्या प्रमाण छेदातच ती पट्टी आखावी.

आराखडा_कक्ष

सर्वांचे मनःपूर्वक आभार. रस्त्याची आखणी बदलण्याचा, खुली जागा सखल भागात ठेवण्याच्या अटीचा आणि मोकळ्या केलेल्या जमिनीविषयीच्या अटीचा प्रस्ताव मी तयार करीत आहे. एक प्रश्न मात्र उरतो. त्या सखल पट्ट्यात काही रेखांकने आधीच मंजूर आहेत, पण बांधकाम सुरू झालेले नाही. त्यांचे काय करावे? तसेच नियम केल्यावर ते परवानगीच्या टेबलावर प्रत्यक्षात पाळले जातील, यासाठी काय व्यवस्था ठेवावी?

हरकत_सुनावणी

मंजुरीला मुदत असते आणि मुदतवाढ हा हक्क नसतो. नव्या आराखड्यात अशी तरतूद असावी की मुदतवाढीच्या वेळी अर्ज त्या दिवशी लागू असलेल्या पूर आणि निचऱ्याच्या अटींवर तपासला जाईल. मुदत शिल्लक असलेल्या मंजुऱ्या एकतर्फी रद्द करण्याच्या वाटेला जाऊ नका. त्याऐवजी मालकाने स्वेच्छेने सुधारित रेखांकन दिल्यास तेवढेच बांधकाम क्षेत्र भूखंडाच्या उंच भागात किंवा अन्यत्र देण्याची मुभा ठेवा आणि त्यासाठीचे शुल्क माफ करा. पाया घातल्यानंतर मात्र हा मार्ग बंद होतो, म्हणून आराखडा अंतिम होण्याची वाट न पाहता मसुदा प्रसिद्ध झाल्याबरोबर त्या मालकांशी बोलणी सुरू करावीत.

उतारनकाशा

अंमलबजावणीविषयी. परवानगी तपासणाऱ्या कनिष्ठ अभियंत्याच्या हातात वेळ कमी असतो, त्यामुळे त्याला पूररेषेचा अहवाल वाचावा लागेल अशी व्यवस्था चालत नाही. अर्जाच्या नमुन्यातच चार रकाने ठेवावेत: भूखंड कोणत्या पट्ट्यात आहे, जमिनीची पातळी किती, प्रस्तावित जोत्याची पातळी किती, आणि आवाराबाहेर किती पाणी सोडले जाणार. रकाना रिकामा असेल तर अर्ज स्वीकारला जाऊ नये.

जोत्याची उंची ‘रस्त्यापासून इतकी’ अशी कधीही लिहू नका. प्रत्येक डांबरीकरणात रस्ता उंच होतो, मग नवे घर आणखी उंच बांधले जाते आणि शेजारचे जुने घर खड्ड्यात जाते. पातळी समुद्रसपाटीपासून मोजलेली असावी आणि ती प्रत्यक्ष जागेवर ताडता यावी, यासाठी सखल पट्ट्यातील चौकाचौकांत पातळी कोरलेले दगड रोवावेत. जोते पूर्ण झाल्यावर त्या दगडावरून मोजणी करून दाखला घेतल्याशिवाय पुढच्या बांधकामाला संमती नसावी. डांबरीकरणाच्या निविदेतही जुना थर खरवडून तीच पातळी राखण्याची अट घालावी लागेल, नाहीतर एका विभागाने आखलेली पातळी दुसरा विभाग दोन-तीन वर्षांत बिघडवतो.

आढाव्यासाठी २० वर्षे थांबू नये. दर पाच वर्षांनी, आणि ठरवलेल्या पातळीच्या वर पूर गेला तर त्याच वर्षी, पट्ट्यांच्या रेषा नव्या नोंदींवर तपासल्या जातील, असे आराखड्याच्या मजकुरातच लिहावे. रेषा सरकवण्याची रीत आज ठरवून ठेवली, तर पुढच्या वेळी संपूर्ण आराखड्याची फेररचना करावी लागणार नाही. तसेच पर्जन्यमापकांची आणि ओढ्यांवरील पातळीमापकांची देखभाल अंदाजपत्रकात स्वतंत्र शीर्षाखाली दाखवावी. हा खर्च अगदी किरकोळ असतो, पण स्वतंत्र शीर्ष नसेल तर काटकसरीच्या वर्षी तोच आधी वगळला जातो आणि आढाव्याच्या वेळी हातात नोंदीच नसतात.